जुना लेथ घरच्या वर्कशॉपमध्ये पुन्हा चालता करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं साडेचार ते सहा फुटी, हँडल हाताने फिरवून चालवायच्या (संगणकाने नव्हे) सेंटर लेथसाठी, म्हणजे धातूचा तुकडा (जॉब) फिरवत ठेवून टूलने कापणाऱ्या मशीनसाठी आहेत. पार्किंगच्या कोपऱ्यात, बंगल्याच्या मागच्या शेडमध्ये किंवा मळ्यातल्या खोलीत बसेल एवढं मशीन गृहीत धरलं आहे. आकडे मिलिमीटरमध्ये आहेत. जुन्या मशीनवर इंच येतातच, तिथे इंच.

नाशिकमध्ये कसला लेथ हाती लागतो? कुठला घ्यावा?

सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या जॉबवर्क शेडमध्ये सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) आल्यावर जुने लेथ भिंतीकडे सरकले. त्यातले बरेचसे बटाला किंवा राजकोटकडचे, कोन पुलीचे (पायऱ्यांच्या पुलीवर पट्टा सरकवून वेग बदलणारे), साध्या बुश बेअरिंगचे (गोळ्या नसलेलं, धातूच्या नळीचं बेअरिंग). काही हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे, तर काही एचएमटीचे गिअर हेड, म्हणजे पट्ट्याऐवजी गिअरने वेग बदलणारे.

घरासाठी कोन पुलीचा साडेचार फुटी लेथ सोयीचा. एक हॉर्सपॉवरची मोटर पुरते, सुटा करून नेता येतो आणि त्याचं बुश कुठलाही चांगला टर्नर बनवून देतो. एचएमटीचं मशीन निःसंशय उजवं, पण मोठं मॉडेल टनाच्या वर जातं आणि त्याला थ्री फेज लागतं. मोह होतो, तरी आधी दाराची रुंदी आणि घरचं कनेक्शन बघा.

‘साडेचार फुटी’ ही बेडची, म्हणजे ज्याच्या ट्रॅकवर बाकी भाग सरकतात त्या खालच्या बिडाच्या सांगाड्याची लांबी असते. दोन सेंटरमध्ये (जॉब दोन्ही टोकांना धरणारे टोकदार भाग) जॉब जेमतेम सव्वादोन फुटांचा बसतो. चार फुटी शाफ्ट करायचा म्हणून साडेचार फुटी लेथ घेणारे दरवर्षी भेटतात.

बघायला जाताना काय न्यायचं आणि काय तपासायचं?

मॅग्नेटिक बेससह डायल गेज (मिमीचा शंभरावा भाग दाखवणारं सुईचं माप), फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), टॉर्च, फूट-दीड फुटाचा लाकडी दांडा आणि चिंधी. ताज्या रंगाचं मशीन दिसलं की दुप्पट वेळ द्या. रंगाने चिरा झाकतात.

सुरुवात बेडपासून. कॅरेज (टूल धरून बेडवर सरकणारा भाग) चकजवळ, म्हणजे जॉब पकडून फिरणाऱ्या भागाजवळ आणा आणि सॅडलचा (कॅरेजचा बेडवर बसणारा भाग) लॉक बोल्ट एवढाच आवळा की हँडल जड पण फिरतं राहील. आता कॅरेज टेलस्टॉककडे, म्हणजे चकसमोरच्या टोकाच्या आधाराकडे न्या. मध्येच घट्ट होऊन अडकली, तर चकजवळचा बेड तेवढा झिजलेला आहे, कारण नव्वद टक्के काम चकपासून फूटभरातच होतं. सगळीकडे सारखीच चालली तर बेड ठीक आहे, किंवा सगळीकडे सारखा झिजला आहे. हौशी कामाला दोन्ही चालतात.

पुढे स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा शाफ्ट. डायलची सुई चकच्या मागे स्पिंडलच्या कॉलरवर टेकवा, चकमध्ये दांडा धरून वर उचला. ०.०२ ते ०.०४ हा साध्या बुशचा नेहमीचा प्ले (ढिलेपणा). ०.०८ च्या पुढे गेला तर ॲडजस्टमेंट शिल्लक आहे का ते पाहा. कॅपखालचे शिम (पातळ पत्रे) संपलेले असतील तर बुश बदलायचा खर्च धरा.

बॅक गिअरचे (वेग कमी करणाऱ्या गिअरचे) दात एकेक करून बोटाने तपासा. चक अडकला की लोक बॅक गिअर गुंतवून धक्का मारतात आणि दात उडतो. मग त्या जागी पितळ भरून कानशीने घासलेला दात सापडतो. हळू चालवलं तर तो काम देतो, पण त्याचे पैसे कमी करून घ्या.

चेंज गिअर (आट्यांचा पिच बदलायला लावायचे सुटे गिअर) मोजा. २० पासून ५-५ च्या पटीत पुढे जाणारा संच असतो. तीन-चार गिअर नसले की आटे पाडायचं काम लंगडं होतं, आणि सुटा गिअर त्याच मोड्यूलचा (दाताच्या मापाचा), त्याच भोकाचा, त्याच रुंदीचा मिळवणं हे खरं डोकेदुखीचं काम. लेथची किंमत ठरवताना आम्ही आधी पेटारा बघतो: फोर जॉ (चार जबड्यांचा) चक, फेस प्लेट, स्टेडी (लांब जॉबचा आधार), सेंटर, गिअर. हे सगळं असलेलं कळकट मशीन नुसत्या चकचकीत मशीनपेक्षा केव्हाही घ्यावं.

शेवटी टेलस्टॉकचा क्विल (आत-बाहेर होणारी नळी) बाहेर काढून हलवून बघा, हाफ नट (दोन अर्धांचा, उघडमीट होणारा नट) लीडस्क्रूवर (कॅरेज ओढणाऱ्या लांब स्क्रूवर) बसवून कॅरेज ओढून बघा, आणि पाय, हेडस्टॉक (स्पिंडलचं घर), एप्रन (कॅरेजची पुढची पेटी) यांवर टॉर्च तिरपी धरून चिरा शोधा. पिवळी रेघ दिसली तर तिथे ब्रेझिंग (पितळ वितळवून सांधणं) झालं आहे. पायावर असेल तर दुर्लक्ष करा. हेडस्टॉकच्या बेअरिंगजवळ असेल तर चहा पिऊन परत या.

वरून तांबडा गंज आहे, म्हणजे बेड गेला का?

नाही. ब्लेडने खरवडल्यावर खाली करडं लोखंड निघालं आणि नखाला खड्डे लागले नाहीत, तर तो फक्त वरचा थर होता. खड्डे असले तरी ते खोलगट जागा आहेत. सॅडल उरलेल्या सपाट भागावर चालते आणि खड्ड्यांत तेल साठतं.

घरी कसा आणायचा?

सुटा करून. मोटर, टेलस्टॉक, कंपाउंड (टूलखालची छोटी स्लाइड), चक आणि चेंज गिअर आधी काढा. वजन चांगलंच उतरतं आणि वरचा जडपणा कमी होतो. लेथ वर जड, खाली अरुंद. तो मागे किंवा पुढे कलंडतो. ढकलताना माणूस बाजूने नव्हे, टोकाकडून उभा राहावा.

छोटा हत्ती पुरतो. चढवायला एक टनाचा चेन ब्लॉक आणि तिपाई, किंवा शेडवाल्याकडची हायड्रा क्रेन. पट्टा बेडच्या जाळीतून, चकपासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर घ्या, आणि लीडस्क्रू किंवा फीड रॉडवर दाब येणार नाही असे लाकडी ठोकळे घाला. वाकलेला लीडस्क्रू हा वाहतुकीतला सगळ्यात महागडा अपघात. जमिनीवर सरकवायला इंचाचे पाइपचे तुकडे आणि पहार.

उघडायला कुठून सुरुवात करू?

मोजून. खोलण्याआधीचे आकडे लिहून ठेवले नाहीत तर नंतर काय सुधारलं हे कळत नाही. स्पिंडलचा प्ले, क्रॉस स्लाइडचा (टूल आडवं आत-बाहेर नेणारी स्लाइड) बॅकलॅश (हँडलचा रिकामा फेरा), मॉर्स टेपरमधला (स्पिंडलच्या तोंडातलं निमुळतं भोक) रनआउट (डगमग), टेलस्टॉकची उंची. चार ओळींची वही पुरते.

मग एका वेळी एकच असेंब्ली: टेलस्टॉक, कंपाउंड, क्रॉस स्लाइड, एप्रन, सॅडल आणि हेडस्टॉक सगळ्यात शेवटी. प्रत्येकाचे बोल्ट वेगळ्या डब्यात, शक्य तर त्याच भोकात परत लावून. गिब (स्लाइडचा ढिलेपणा काढणारी पट्टी) कुठल्या टोकाने आत होती त्यावर पंचने खूण करा. उलटी घातलेली गिब बसते, पण धरत नाही.

बोल्ट निघत नसला तर तीन गोष्टी आठवा. जुन्या मशीनवर बीएसडब्ल्यूचे (इंचातले ब्रिटिश) आटे असतात. मेट्रिक पाना जवळजवळ बसतो आणि कोपरे खातो. अर्ध्या इंचाला १२ आटे, एम १२ ला १.७५ चा पिच, कोनही ५५ आणि ६० अंशांचा वेगळा, त्यामुळे ‘बसतोय की’ म्हणून मेट्रिक बोल्ट कोंबू नका. दुसरी गोष्ट टेपर पिन: रंगाखाली दडलेली असते आणि फक्त बारीक टोकाकडून ठोकल्यावर निघते. तिसरी डावे आटे. क्रॉस स्लाइडचा स्क्रू बहुतेक वेळा डावा असतो.

गंज काढायला काय वापरावं?

बेडवर आणि स्लाइडवर रॉकेल किंवा डिझेल, दाढीचं ब्लेड जवळजवळ आडवं धरून, आणि पितळी ब्रश. एवढंच. अँगल ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून बेड ‘चमकवणं’ हा गुन्हा आहे. चमक येते, सपाटी जाते. पॉलिश पेपरचे कणही लोखंडात रुततात आणि पुढे सॅडलखाली घासत राहतात.

कव्हर, हँडल, ब्रॅकेट आणि फेस प्लेट यांसाठी इलेक्ट्रोलिसिस उत्तम. प्लॅस्टिकच्या टबात दर लिटरला १० ते १५ ग्रॅम धुण्याचा सोडा, म्हणजे ४० लिटरला साधारण अर्धा किलो. खाण्याचा सोडा नव्हे. बॅटरी चार्जरचं निगेटिव्ह जॉबला, पॉझिटिव्ह भंगार सळईला. उलटं जोडलंत तर जॉबच विरघळेल. १२ व्होल्ट, ३ ते ५ अँपिअर, आठ ते बारा तास. सळई जॉबला ‘दिसते’ त्या बाजूचा गंज आधी निघतो, म्हणून चारी बाजूंना सळया लावा किंवा जॉब फिरवा. नवे ऑटोमॅटिक चार्जर समोर बॅटरी नसली की सुरूच होत नाहीत. जुना ट्रान्सफॉर्मरवाला शोधा. हायड्रोजन सुटतो, त्यामुळे टब उघड्यावर ठेवा, आणि चिमटा काढण्याआधी चार्जर बंद करा. सळई स्टेनलेसची वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. पितळ, ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग या टबात घालायचे नाहीत.

लहान नट-बोल्टला सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व: लिटरला ५० ग्रॅम, चार ते बारा तास, मग सोड्याच्या पाण्यात बुडवून धुणं. स्प्रिंग आणि कडक पोलादाचे भाग त्यात टाकू नका, ठिसूळ होतात. बिडाच्या जॉबवर काळी काजळी राहते. ते बिडातलं ग्राफाइट, ब्रशने निघतं.

दोन्ही प्रकारांत बाहेर काढल्यावर गरम पाण्याने धुऊन, पुसून, लगेच तेल. चहा ठेवून येईपर्यंत नारिंगी थर धरतो. आणि संडास साफ करायचं ॲसिड शेडमध्ये आणूच नका. त्याची वाफ बंद खोलीत रात्रभर राहिली की जे गंजलेलं नव्हतं तेही गंजतं.

बेड ग्राइंड करून घ्यावा का?

बहुतेक वेळा नाही, आणि त्यामागे साधं गणित आहे.

समजा बेडचे दोन्ही ट्रॅक चकजवळ सारखेच ०.१ मिमी उतरले आहेत. टूल सेंटरच्या ०.१ खाली गेलं. २५ मिमी जाडीच्या जॉबवर व्यासात फरक पडतो एक मायक्रॉनही नाही, कारण टूल वर्तुळाला जवळपास समांतर सरकलं. आता समजा फक्त पुढचा व्ही (बेडवरचा V आकाराचा ट्रॅक) ०.१ उतरला आणि मागचा तसाच आहे. ट्रॅकमध्ये २०० मिमी अंतर आणि सेंटरची उंची १६५ असेल तर सॅडल पुढे कलते, टूल जवळपास ०.०८ बाहेर येतं आणि व्यास ०.१६ ने वाढतो. झीज तेवढीच, परिणाम शंभरपटींहून जास्त.

म्हणून ‘बेड किती झिजला’ याऐवजी ‘पुढचा व्ही मागच्यापेक्षा किती जास्त झिजला’ हे मोजा. त्यासाठी डायलचा बेस टेलस्टॉकच्या बेसवर ठेवा (टेलस्टॉकचे ट्रॅक कमी झिजतात), सुई आधी पुढच्या व्हीच्या उतारावर, मग मागच्यावर, आणि पूर्ण लांबी सरकवा. फरक ०.०५ च्या आत असेल तर बेडला हात लावू नका. फूटभर लांब शाफ्ट दोन सेंटावर (सेंट म्हणजे ०.०१ मिमी) हवेच असतील तर गोष्ट वेगळी. घरी बुश, पिन, पुली आणि ॲडॉप्टर होतात, तेही दोन-तीन इंचांचे, आणि एवढ्या लांबीत ही झीज जाणवत नाही.

ग्राइंडिंग केलंच तर सॅडल खाली बसते. मग लीडस्क्रू, फीड रॉड आणि एप्रन एका रेषेत राहत नाहीत, आणि सॅडलखाली पट्टी लावून उंची भरावी लागते. बेडचं काम एकटं कधीच येत नाही.

स्पिंडलचा प्ले कसा काढायचा?

आधी बेअरिंग कुठलं ते ओळखा. दोन तुकड्यांचा बुश आणि वर कॅप असेल, तर कॅपखाली दोन्ही बाजूंना शिम असतात. पट्टा उतरवा, कॅप सोडा, दोन्ही बाजूंचा सारखाच ०.०५ चा शिम काढा, कॅप आवळा आणि स्पिंडल हाताने फिरवा. मधात फिरवल्यासारखा, पण अडखळत नाही, असा फिरायला हवा. जड झाला तर जास्त काढलं गेलं, पातळ शिम परत घाला. एकाच बाजूचा शिम काढला की बुश तिरका दाबला जातो आणि एका रेघेवर तापतो.

एकसंध टेपर बुशला दोन टोकांना नट असतात. आधी एक सोडायचा, मग दुसरा आवळायचा, तोही नटाच्या आठव्या हिश्श्याइतका. टेपर रोलर बेअरिंग असेल तर प्ले जवळपास शून्य आणि हलका दाब हवा. नवीन बेअरिंग घ्यायचंच झालं तर रिंगवरचा नंबर पाहून घ्या. साध्या ग्रेडचं बसतं आणि घरच्या कामाला चालतं, फक्त रनआउट थोडा वाढतो.

जोडल्यावर सगळ्यात कमी स्पीडवर पंधरा मिनिटं, मग एकेक पायरी वर. हेडस्टॉकवर हात ठेवून बघा. कोमट ठीक, हात ठेवता येत नसला तर लगेच थांबा. व्हाइट मेटलचा (मऊ मिश्रधातूचा) बुश तापून पुसला गेला की तो पुन्हा ओतूनच घ्यावा लागतो.

मागच्या थ्रस्ट बेअरिंगचा पुढे-मागे प्ले वेगळा तपासा, ०.०२ च्या आत हवा. तो जास्त असला की फेसिंगवर (जॉबचं तोंड सपाट करताना) गोल गोल लाटा उठतात आणि लोक उगाच टूलला शिव्या देतात.

बुशच्या तेलाच्या कपांत ग्रीस भरलेलं सापडतं, हमखास. खाली वात किंवा फेल्ट असतं, ते ग्रीसने बंद होतं आणि बुश कोरडा चालतो. कप काढून डिझेलने धुवा, वात बदला, आणि तेल शाफ्टपर्यंत पोचतंय हे डोळ्याने बघून मगच स्विच द्या.

क्रॉस स्लाइडचं हँडल अर्धा फेरा रिकामं फिरतं. नट बदलू?

आधी कॉलर बघा. त्या रिकाम्या फेऱ्यातला मोठा वाटा स्क्रू धरणाऱ्या कॉलरच्या ढिलेपणाचा असतो, आणि तो पातळ वॉशरने किंवा चेकनट आवळून दहा मिनिटांत जातो. उरला तो नटचा. इंचाला १० आट्यांच्या स्क्रूवर अर्धा फेरा म्हणजे १.२७ मिमी. पाव मिलिमीटरपर्यंतचा बॅकलॅश सरळ सोडून द्या. टूल नेहमी एकाच दिशेने आत आणायची सवय लागली की तो कामात येत नाही.

बदलायचा तर नट गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझचा. स्क्रू मध्यभागी जास्त झिजलेला असतो, टोकांना नाही. नवा नट मधल्या भागावर नीट बसवून बनवला तर टोकाला अडकतो. टर्नरला जुना नट न देता स्क्रू द्या आणि टोकाच्या आट्यावर मोकळा चालेल असा बनवायला सांगा. मूळ स्क्रू डावा आहे हे कागदावर लिहून द्या. उजवा नट घेऊन घरी येणारे कमी नाहीत.

गिब आवळताना स्लाइड मध्ये ठेवा, स्क्रू एका टोकाकडून क्रमाने आवळा आणि ०.०२ ची फीलर आत जाते का पाहा. गेली तर अजून ढिली आहे.

थ्री जॉ चकमध्ये जॉब डगमगतो.

चक खोला. स्क्रोलमध्ये (जॉ सरकवणाऱ्या आतल्या चक्राकार आट्यांत) वीस वर्षांचा कीस घट्ट बसलेला असतो. जॉवर १, २, ३ असे आकडे आणि खोबणीतही आकडे असतात. स्क्रोलचं तोंड पहिल्या खोबणीत दिसलं की पहिला जॉ, मग फिरवून दुसरा, मग तिसरा. क्रम चुकला तर जॉ मध्यात मिळत नाहीत.

मग बॅक प्लेटचा खांदा आणि स्पिंडलचे आटे पुसा. तिथे अडकलेला एक बारीक कण पुढे पाच-सात सेंटांचा डगमग देतो. एवढं करूनही जुन्या थ्री जॉमध्ये ०.१ राहतोच, आणि त्याच्याशी भांडू नये. अचूक काम फोर जॉमध्ये डायल लावून करायचं. सराव झाला की पाच मिनिटांत ०.०२ मध्ये येतं.

अडकलेला आट्याचा चक काढायला रात्रभर भेदक तेल, सकाळी बॅक प्लेट थोडी गरम, आणि जॉमध्ये आडवा धरलेला कडक लाकडाचा दांडा. बॅक गिअर गुंतवून धक्का मारू नका. आणि आट्याच्या चकवर मोटर उलटी फिरवून कधी कापू नका. चक सुटून येतो.

घरच्या सिंगल फेजवर चालेल का?

चालेल, दोन मार्गांनी.

साधा मार्ग म्हणजे एक हॉर्सपॉवर, १४४० आरपीएमची कपॅसिटर स्टार्ट सिंगल फेज मोटर. चालताना सात-आठ अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. म्हणून वेगळी लाइन, २.५ स्क्वेअर मिमी तांब्याची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट आणि स्वतंत्र एमसीबी. पंख्याच्या बोर्डवरून एक्स्टेंशन ओढलं की व्होल्टेज पडतं, मोटर घुमते आणि कपॅसिटर जातो.

दुसरा मार्ग, जुनी थ्री फेज मोटर ठेवून व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र): सिंगल फेज आत, थ्री फेज २३० व्होल्ट बाहेर. मोटरची पाटी वाचा. ‘४१५ स्टार’ आणि ‘२३० डेल्टा’ दोन्ही लिहिलं असेल आणि टर्मिनलवर सहा टोकं असतील तर पट्ट्या बदलून डेल्टा करा. बहुतेक डब्यांत आडव्या पट्ट्या म्हणजे स्टार, उभ्या म्हणजे डेल्टा. तीनच वायरी बाहेर असतील तर वाइंडिंगवाल्याकडून स्टारचा सांधा बाहेर काढून घ्यावा लागतो. ‘४१५ डेल्टा’ असेल तर ती मोटर २३० वर दम धरणार नाही.

व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये कुठलाही स्विच नको. लेथचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला जोडा. फ्रिक्वेन्सी २५ ते ६० हर्ट्झमध्ये ठेवा. त्याखाली मोटरचा पंखा नुसता हलतो, हवा देत नाही. कमी स्पीड हवा असेल तर बॅक गिअर आहेच.

कुठलाही मार्ग घ्या, स्टार्टर नो-व्होल्ट सुटणारा (वीज गेली की आपोआप बंद होऊन तसाच राहणारा) हवा, साध्या स्विचवर लेथ नको. लाइट गेली, तुम्ही चकमध्ये हात घातला आणि लाइट आली, यासाठी. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. शेडमध्ये वर्षभर पडून असलेली मोटर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) तपासा. एक मेगाओहमच्या खाली असेल तर आधी वाळवा, मग जोडा.

पट्टा कुठला?

मोटरपासून काउंटरशाफ्टपर्यंत (मधल्या शाफ्टपर्यंत) ए सेक्शनचा व्ही बेल्ट. त्यावरचा आकडा इंचातली आतली लांबी असते. कोन पुलीवर सपाट पट्टा, सांधा स्पिंडल न काढता करता येईल असा. ताण एवढाच की जोराचा काप घेतला तर पट्टा घसरेल. घसरणारा पट्टा हाच या लेथचा फ्यूज आहे.

तेल कुठलं घालायचं?

बेड आणि स्लाइडला व्हीजी ६८ चं स्लाइडवे तेल (व्हीजी म्हणजे तेलाच्या घट्टपणाचा आकडा). साध्या बुशच्या हेडस्टॉकला व्हीजी ३२ किंवा ४६ चं हायड्रॉलिक तेल, गिअर हेडला पाटीवर लिहिलेलं, पाटी नसेल तर व्हीजी ६८. गाडीच्या गिअरबॉक्सचं तिखट वासाचं ईपी तेल गनमेटलच्या बुशांजवळ नको, त्यातलं गंधक ब्राँझ खातं. इंजिन ऑइल आणीबाणीला चालतं. खोबरेल आणि शिवणयंत्राचं तेल घरात जिथे आहे तिथेच राहू द्या. पहिलं थंडीत गोठतं, दुसरं फार पातळ.

लेथ बसवल्यावर लेव्हल कशी करायची?

गवंड्याची लेव्हल इथे उपयोगाची नाही. मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी मशीन लेव्हल लागते. ती महाग, एखाद्या ओळखीच्या शेडवरून दोन तास मागून आणा. ती आडवी, आधी चकजवळ मग टेलस्टॉककडे ठेवून दोन्हीकडे बुडबुडा सारखा आणा. लेथ आडव्या रेषेत असण्यापेक्षा बेडला पीळ नसणं महत्त्वाचं.

लेव्हल नसेल तर दोन कॉलरची चाचणी, आणि खरं तर ती असली तरीही. ४० मिमीचा माइल्ड स्टीलचा बार चकमध्ये घट्ट धरा, १५० मिमी बाहेर, टेलस्टॉक न लावता. मधला भाग थोडा खाली घेऊन दोन टोकांना दोन कॉलर ठेवा. दोन्हींवर, टूल न हलवता, ०.०५ चा बारीक काप घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. बाहेरची कॉलर मोठी आली तर टेलस्टॉककडच्या पायांपैकी तुमच्या बाजूचा पाय किंचित उचला. बेड मागे कलतो आणि टूल जॉबकडे जातं. लहान आली तर मागचा पाय. बोल्टला पाव फेऱ्यापेक्षा जास्त देऊ नका, पुन्हा काप, पुन्हा मोजा. ०.०२ च्या आत आलं की थांबा. टेलस्टॉक यानंतर जुळवायचा, आधी नाही. तो झिजून खाली बसला असेल तर बेस आणि बॉडीच्या मध्ये पितळी शिम.

नव्या फरशीवर बसवलेला लेथ महिन्याभराने पुन्हा तपासा, जमीन बसते.

लीडस्क्रू इंचाचा आहे, मेट्रिक आटे पडतील का?

पडतील, १२७ दातांचा गिअर हवा. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, म्हणजेच १२७ भागिले ५, म्हणून १२७ शिवाय हिशेब नेमका सुटत नाही. इंचाला ४ आट्यांचा लीडस्क्रू म्हणजे ६.३५ चा पिच. १.५ चा आटा पाडायचा तर १.५ भागिले ६.३५, म्हणजे ३० भागिले १२७: चालवणारा ३०, चालणारा १२७.

१२७ चा गिअर क्वाड्रंटमध्ये (चेंज गिअर बसवायच्या फ्रेममध्ये) मावत नसेल तर ६३ चा घ्या. ८० आणि ६३ च्या जोडीने १.२७ ऐवजी १.२६९८ मिळतं, मीटरभर आट्याला साधारण ०.१३ मिमीची चूक. नट-बोल्टच्या लांबीत ती कुणालाही सापडणार नाही. मेट्रिक आटा पाडताना हाफ नट मध्येच उघडू नका. मोटर उलटी फिरवून टूल मागे आणा, कारण थ्रेड डायल (हाफ नट कधी बसवायचा ते दाखवणारी तबकडी) इंचाचा आहे. अर्थात आट्याचा चक असेल तर हा उलटा फेरा हलक्या हाताने, टूल बाहेर काढून.

रंग कधी, कुठला?

सगळ्यात शेवटी, आणि पावसाळ्यात नाही. जुना रंग शिशाचा असू शकतो, कोरडा घासू नका. पेंट रिमूव्हर लावून ओला खरवडा. प्राइमर, लागेल तिथे पुट्टी, वर ऑइल इनॅमल. जोडाच्या जागा, ट्रॅक आणि तेलाची भोकं यांवर मास्किंग टेप. रंगाचा पातळ थर हेडस्टॉकखाली राहिला तरी आधी केलेली सगळी जुळवणी बिघडते.

जून ते सप्टेंबर सांभाळायचा कसा?

काम संपल्यावर कीस ब्रशने काढा (हवेने नाही, तो सॅडलखाली जातो), पुसा, स्लाइडवे तेलाचा हात फिरवा आणि सुती चादर टाका. प्लॅस्टिक टाकलं की आत दव धरतं. थंडीतही ही काळजी हवी. पहाटे गार पडलेलं बीड दहा वाजता शटर उघडल्यावर ओल्या हवेत घामेजतं.

मळ्यातल्या शेडमध्ये लेथ असेल तर एक जादा सूचना. निफाड-दिंडोरीकडे बोर्डो फवारणीसाठी मोरचूद, शेजारी युरियाच्या गोण्या आणि फवारणीचा पंप हे सगळं एकाच खोलीत असतं. मोरचुदाचं पाणी बेडवर उडालं की लोखंडावर तांब्याचा थर चढतो आणि खालचं लोखंड खाल्लं जातं. खतं हवेतली ओल ओढतात. लेथला वेगळी खोली नसेल तर निदान भिंत असावी, आणि ज्या हाताने मोरचूद कालवलं तो हात धुतल्याशिवाय हँडलला लागू नये. बॅटरी चार्जिंगही दुसरीकडे.

पहिला जॉब कुठला करू?

२५ मिमीचा माइल्ड स्टील, हायस्पीड स्टीलचं टूल, ३२० ते ३८० आरपीएम, अर्धा मिमी काप. बाही दुमडलेली, हातमोजे काढलेले, आणि चकची चावी चकमध्ये नाही हे बघून स्विच. थरथर आली तर या क्रमाने शोधा: टूल पोस्टच्या फार बाहेर आहे का, टूल सेंटरवर आहे का, कंपाउंडची गिब, क्रॉस स्लाइडची गिब आणि मग स्पिंडल. स्पिंडलपर्यंत पोचायची वेळ क्वचितच येते. मग सुरुवातीच्या वहीतले चार आकडे पुन्हा मोजा आणि शेजारी लिहा.